दुकानदार की गुराखी? मोंटानाच्या कॉनराड कोर्सचं ८४ वर्षांचं आयुष्य

टिपकागद (धागाकर्ता)
सध्या अमेरिकेतल्या जुन्या रँचवाल्यांवर (रँच म्हणजे गुरं पाळायची भली मोठी जागा) वाचायचं खूळ लागलंय, घरचे वैतागलेत, म्हणून इथे येऊन पिडतोय. माणसाचं नाव कॉनराड कोर्स. जन्म १८३५, होलस्टाइनमधलं वेवेल्सफ्लेथ नावाचं गाव, तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होतं, आता जर्मनीत. पंधराव्या वर्षी घर सोडून जहाजावर गेला, १८५७ ला अमेरिकेचा नागरिक झाला, सोनं शोधत कॅलिफोर्निया झालं, कॅनडातली फ्रेझर नदी झाली, हाताला फारसं काही लागलं नाही आणि १८६२ मध्ये फिरत फिरत आजच्या मोंटानात पोचला. तिथे बॅनक नावाच्या ठिकाणी नुकतंच सोनं सापडलं होतं. याने काय केलं तर फावडं घेतलंच नाही, एका खाटकाच्या दुकानात पगारी नोकर म्हणून उभा राहिला.

आता गंमत बघा. या दुकानाचा मालक हँक क्रॉफर्ड. त्याचं आणि हेन्री प्लमर नावाच्या गावगुंडाचं वाजलं, क्रॉफर्डने प्लमरच्या हातावर गोळी झाडली आणि आता आपली धडगत नाही हे ओळखून गाव सोडून पळाला. दुकान आपसूक कोर्सच्या गळ्यात. (तो प्लमर पुढे त्याच गावाचा शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख झाला आणि १८६४ च्या जानेवारीत गावकऱ्यांनी त्याला फासावर चढवला, पण तो वेगळा धागा.) कोर्सने मग एकेका सोन्याच्या वस्तीत दुकानं टाकली. मांस विकायचं, सॉसेज करायची, चरबीच्या मेणबत्त्या ओतून खाणवाल्यांना विकायच्या, काही वाया घालवायचं नाही. पैसे सोन्याच्या भुकटीत. दुकानं वाढली तशी जनावरं कमी पडायला लागली, ती आणायची डियर लॉजच्या खोऱ्यातून जॉनी ग्रँटकडून. शेवटी १८६६ मध्ये त्या ग्रँटचा अख्खा रँचच १९,२०० डॉलरला घेऊन टाकला.

म्हणजे हा माणूस गल्ल्यावरून मागे मागे सरकत गायीपर्यंत पोचला. माझं म्हणणं असं की तो शेवटपर्यंत दुकानदारच राहिला आणि म्हणूनच १८८६-८७ च्या हिवाळ्यात मोठमोठे गुरंवाले साफ झाले तेव्हा हा टिकला. पटतंय का? जाणकारांनी बोलावं.

खडूस_काका
नाही पटत. त्या हिवाळ्यानंतर बूट नावाच्या खाणींच्या गावातल्या ए. जे. डेव्हिसने त्याला १ लाख डॉलर उसने दिले, तेही तारण न घेता. १८८७ चे १ लाख! मला कोणी दिले असते तर मीही टिकलो असतो. याला दुकानदारी म्हणत नाहीत, ओळखी म्हणतात.

पाटावरवंटा
काका तुम्हाला कोणी तारण घेऊनसुद्धा देणार नाही 😄

सांगोलेकर
मस्त धागा. आमच्याकडं चार जर्शी न् दोन म्हशी, त्यात जीव मेटाकुटीला येतो, म्हणून इचारतो. या बाबाकडं जनावरं किती होती आन् त्यांना घालायचा काय? एवढी जमीन विकत घेतली का?

टिपकागद
@सांगोलेकर हाच तर मुद्दा आहे. जमीन विकत घेतलेली फार कमी. ऐन भरात असताना त्याची जनावरं जवळजवळ १ कोटी एकरावर चरायची असं सांगतात, चार राज्यं आणि वर कॅनडाचा काही भाग. म्हणजे ४० हजार चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राचा आठवा हिस्सा धरा. पण ती जमीन सरकारी, कुंपण नाही, तिथे बाकीच्यांचीही गुरं चरायची. आपल्याकडचं गायरान डोळ्यापुढे आणा, फक्त गावाऐवजी अख्खा मुलूख. कोणाचं जनावर कुठलं हे मांडीवरच्या डागावरून ओळखायचं, कोर्सचा डाग सी आणि के. वर्षातून राउंडअप करायचा, म्हणजे रानभर पांगलेली गुरं हाकून एकत्र आणायची, वासरं डागायची, तयार झालेले बैल वेगळे काढायचे. चांगल्या वर्षांत ८ ते १० हजार जनावरं शिकागोला रवाना व्हायची.

@खडूस_काका ओळख होती मान्य. पण डेव्हिस काही मामा नव्हता त्याचा. त्याला हा माणूस पैसे परत करेल असं का वाटलं ते सांगा ना.

सांगोलेकर
म्हंजे चाऱ्याचा खर्चच न्हाई! मग धंदा कसला ओ, लॉटरी ती.

जनावरांचा_डॉक्टर
सांगोलेकरांनी मर्मावर बोट ठेवलं. चाऱ्याचा खर्च नाही हेच त्या धंद्याचं गणित होतं आणि त्यातच त्याचं मरण होतं. जरा सविस्तर लिहितो, पेशाने पशुवैद्य आहे, चालवून घ्या.

गाय थंडीने सहजासहजी मरत नाही, भुकेने मरते. पोटात चारा असेल तर कोठीपोटात तो आंबताना भरपूर उष्णता तयार होते, आतून शेगडी पेटल्यासारखी. वैरण मिळत राहिली तर कोरड्या हवेत शून्याखाली बरंच तापमान ती काढते. पण पोट रिकामं झालं की शेगडी विझली. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला होता, गवत आधीच करपलेलं, त्यात त्या कुरणांवर झेपणार नाहीत इतकी गुरं आणून ओतलेली, कारण आदल्या काही वर्षांत स्कॉटलंड-इंग्लंडपासून सगळ्यांनी यात पैसा लावला होता. म्हणजे जनावर हिवाळ्यात शिरलं तेच रोड होतं. नोव्हेंबरपासून बर्फ सुरू झालं, जानेवारी १८८७ मध्ये तर कहर. पारा उणे ४० च्या खाली. (उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही सारखेच, त्यामुळे कुठलं ते विचारू नका.)

आणि सगळ्यात घातक काय तर मध्येच वितळणं. तिकडे चिनूक नावाचा उबदार वारा पर्वतावरून खाली येतो, एरवी तो गुरांचा तारणहार, बर्फ खाऊन टाकतो. पण तो अर्धवट वाहिला आणि पुन्हा थंडी पडली की वरचं बर्फ वितळून त्याचा काचेसारखा थर बनतो. घोडा खुराने बर्फ उकरतो आणि खालचं गवत खातो. बायसन डोकं फिरवून बर्फ बाजूला सारतो. गायीला हे दोन्ही धड जमत नाही, ती नाकाने ढोसते आणि थर कडक असेल तर तिथेच उभी राहते. चालायला गेली की थर फुटतो आणि त्याच्या कडेने नडगीची कातडी सोलवटते. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा ओढ्यांत आणि घळींत थरच्या थर मेलेली गुरं सापडली. मोंटानात निम्म्याहून जास्त गुरं गेली असा अंदाज आहे, काही कळपांत तर त्याहून भयंकर.

उंबरा
बाप रे. नडगीचं वाचून अंगावर काटा आला.

टिपकागद
डॉक्टर, जबरी प्रतिसाद. त्या हिवाळ्याचं एक चित्र प्रसिद्ध आहे. चार्ली रसेल नावाचा पोरगा जुडिथच्या खोऱ्यात एका रँचवर गुरं राखायचा. मालक हेलेना शहरात, त्यांनी पत्र पाठवून विचारलं की गुरांची काय हालत आहे. याने उत्तरादाखल पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात एक हाडाडलेलं जनावर काढलं, पाठीची कमान झालेलं, भोवती लांडगे टपलेले, आणि तेवढंच पाठवून दिलं. पुढे हाच रसेल त्या भागातला सगळ्यात मोठा चित्रकार झाला.

पाटावरवंटा
मालकाला असा रिपोर्ट पाठवायची हिंमत पाहिजे. मी परवा एक्सेलमध्ये एक रकाना लाल केला तर मीटिंग लागली.

बोझमनवाली
अरे वा, हा धागा इथे? आम्ही मोंटानातच राहतो, कोर्सचा रँच आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे, डियर लॉज गावाला लागूनच, मिझूला आणि बूटच्या मध्ये, हायवेवरून दहा मिनिटंही लागत नाहीत. आता तो राष्ट्रीय उद्यानवाल्यांकडे आहे, ग्रँट-कोर्स रँच. तिकीट नाही. अजूनही तिथे गुरं पाळतात, वासरं डागतात, गवत कापून गंज्या लावतात.

घर बघण्यासारखं आहे. पुढचा भाग ग्रँटने १८६२ मध्ये बांधलेला, तासलेल्या लाकडी ओंडक्यांचा, पांढरा रंग आणि हिरव्या झडपा. मागे १८९० मध्ये कोर्सने विटांचं घर जोडलं, ते ऐसपैस. आत शिरलं की भारी फर्निचर, पडदे, चिनीमातीची भांडी, दिवाणखाना असा की आपण गुरांच्या गोठ्याशेजारी आहोत हे विसरायला होतं. आणि तिथून बाहेर पडून चार पावलं चाललं की गुराख्यांची राहायची खोली. एका ओळीत खाटा, मधे शेगडी, लांब टेबल, खुंटीला खोगिराचं सामान. मालक आणि नोकर यांच्यात अंतर किती ते पायाने मोजता येतं. मला ती खोली घरापेक्षा जास्त आवडली. आमच्या चिरंजीवांना मात्र फक्त कोंबड्या आवडल्या.

@टिपकागद तुमच्या मुद्द्याबद्दल. तिथल्या रेंजर बाईंनी सांगितलेलं मला लक्षात राहिलं की खरा गुरांचा माणूस होता तो कोर्सचा सावत्र भाऊ जॉन बीलेनबर्ग. दोघांची आई एक. कोर्स बाहेरचे व्यवहार बघायचा, बीलेनबर्ग कळपात असायचा. सगळं भागीत. मग दुकानदार जिंकला म्हणताना बीलेनबर्गला कुठे ठेवायचं?

खडूस_काका
बघा. याला म्हणतात बिंदूवर बोट. जो घोड्यावर बसून थंडीत फिरला त्याचं नाव पाटीवर नाही.

नदीकाठ
सगळे कोण टिकलं कोण बुडालं यावर बोलताहेत, पण ते फुकट गवत आलं कुठून यावर कोणी काही लिहीत नाहीये. डियर लॉजचं खोरं सेलिश आणि त्यांच्या सोबतच्या मूळ अमेरिकन जमातींनी १८५५ च्या हेलगेट करारात सोडून दिलं, कसं सोडायला लावलं असेल ते तुम्ही समजू शकता. उत्तर मोंटानातलं कुरण ब्लॅकफीट आणि शेजारच्या लोकांचं. तिथे बायसन होते. १८८३ च्या आसपास ते जवळपास संपले, कातड्यासाठी मारून टाकले. त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात ब्लॅकफीट लोक शेकड्यांनी उपासमारीने मेले, कारण शिकार संपलेली आणि सरकारी रसद अपुरी. म्हणजे ज्या कुरणावर बायसन संपले म्हणून माणसं मेली त्याच कुरणावर त्याच वर्षांत गुरं आणून सोडली. १८८८ मध्ये तर आणखी पावणेदोन कोटी एकराच्या आसपास जमीन या जमातींच्या राखीव भागातून काढून घेतली. त्यामुळे मला या धंदेवाईक हुशारीचं फार कौतुक वाटत नाही. माफ करा, पण ज्या दुकानात माल फुकट येतो तिथे गल्ला कोणीही भरेल.

टिपकागद
@नदीकाठ यात माफी कसली, हे धाग्यात यायलाच हवं होतं. फक्त "कोणीही भरेल" याला हरकत आहे. गवत सगळ्यांनाच फुकट होतं, तरी बहुतेकांचा गल्ला रिकामा झाला की.

नदीकाठ
ते त्यांचं त्यांनी बघावं. मी गल्ल्याच्या हिशोबात नाही, गवताच्या हिशोबात आहे.

अण्णा_बेळगाव
एक शंका. ही सगळी जनावरं शेवटी कत्तलखान्यातच ना? मग एवढं रडायचं कशाला, थंडीत मेली काय न् शिकागोत मेली काय.

संपादक_मंडळ
अण्णा, या प्रश्नावरून दर धाग्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ विषय धरून लिहा. खाण्यापिण्याच्या वादासाठी वेगळा विभाग आहे, तिथे रोजच युद्ध चालू असतं.

सॅनहोजेचा_बंड्या
अवांतर नाही, समांतर. आमच्या कॅलिफोर्नियातही अगदी असाच एक नमुना होऊन गेला, हेन्री मिलर. जन्म १८२७, हाही जर्मन, हाही खाटीक! खरं नाव हाइनरिक क्रायझर. १८५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला तो दुसऱ्या कोणाच्यातरी तिकिटावर, तिकिटावर हेन्री मिलर नाव होतं, मग तेच लावून घेतलं ते कायमचं. आधी दुसऱ्याकडे मांस कापलं, मग स्वतःचं दुकान, मग दुकानाला जनावरं लागतात म्हणून रँच, मग रँचला पाणी लागतं म्हणून नद्यांचे काठच्या काठ घेत सुटला. चार्ल्स लक्स नावाच्या दुसऱ्या खाटकाशी भागी केली आणि मिलर अँड लक्सने १० लाख एकरांच्या वर जमीन मालकीची केली. कोर्ससारखी वापरायची नाही, मालकीची. आणि आयुष्य त्याहून लांब, १९१६ मध्ये ८९ व्या वर्षी गेला.

त्यांचा पाण्याचा खटला प्रसिद्ध आहे, लक्स विरुद्ध हॅगिन, १८८६. कर्न नदीचं पाणी वरच्या अंगाला हॅगिन पाटाने वळवून नेत होता, खालच्या अंगाला यांच्या कुरणांना मिळेना. नदीकाठच्या जमिनीवाल्याचा पाण्यावर हक्क असतो असा निकाल लागला. पुढे मात्र दोघांनी पाणी वाटून घ्यायचा समझोता केला. आपल्याकडे धरणाच्या पाण्यावरून वरचे-खालचे जिल्हे भांडतात ते आठवलंच मला.

मुद्दा असा की @टिपकागद यांची थिअरी मिलरला चपखल बसते. खाटकाला जनावर आतून माहीत असतं. उभ्या बैलाकडे बघून मांस किती पडेल हे त्याला कळतं. हौशी गुंतवणूकदार नुसती शिंगं मोजायचे.

जनावरांचा_डॉक्टर
शिंगं मोजायचे म्हणे, तेही मोजायचे नाहीत! तेव्हा कळपच्या कळप नुसत्या वहीवर विकले जायचे, अमुक इतकी वासरं दरवर्षी वाढतात असं गृहीत धरून आकडा फुगवत न्यायचा. रानात जाऊन मोजणार कोण. हिवाळ्यानंतर वहीतल्या आकड्याला आणि रानातल्या जनावराला मेळ बसेना. काहींनी त्या हिवाळ्यात एवढी मेली असं दाखवलं जेवढी मुळात नव्हतीच.

पाटावरवंटा
मेलेली गुरं फाडून ऑडिट करणारा सीए पाहिजे होता.

उंबरा
मला या सगळ्यात बायका कुठे दिसेनात म्हणून शोधलं तर कोर्सची बायको ऑगस्टा सापडली आणि आता मला नवऱ्यापेक्षा तिच्यातच जास्त रस वाटतोय. लग्न १८६८, ती १९ वर्षांची, तीही जर्मन. आयोवातल्या डेव्हनपोर्टला लग्न झालं आणि तिथून मिसूरी नदीतून बोटीने फोर्ट बेंटनपर्यंत आणि पुढे गाडीने खडखडत डियर लॉज. आल्यावर तिने काय केलं तर रँचवरचा स्वयंपाकी काढून टाकला आणि मुदपाकखाना स्वतःच्या ताब्यात घेतला. साबण करणं, मेणबत्त्या ओतणं, गडीमाणसांचं जेवण, सगळं एकटीने. नंतर पैसा आल्यावर मात्र हीच बाई न्यूयॉर्कला ऑपेरा बघायला जायची.

तीन मुलं. दोन मुली, एक मुलगा. मुलगा विल्यम न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला होता, तिथे १९०१ मध्ये अपेंडिसायटिसने गेला. वय जेमतेम २१. एकुलता मुलगा. त्याच्या नावाने आईबापांनी डियर लॉजला वाचनालय बांधून दिलं, ते अजून चालू आहे. नवरा १९२० ला गेला, ही १९४५ पर्यंत जगली, ९६ वर्षं! धाग्याच्या नावात लांब आयुष्य म्हणता ना, मग लांब आयुष्य तिचं. नाव बदला.

बोझमनवाली
@उंबरा +१. आणि शेवटी रँच टिकला तो मुलीच्या मुलामुळे. नातू कॉनराड वॉरन, आजोबांचंच नाव. १९३० च्या दशकात त्याने कारभार हातात घेतला, जातिवंत हेरफर्ड गुरं आणि बेल्जियन घोडे पाळले. आजोबांची वह्या-पत्रं, बग्ग्या, अवजारं काही फेकलं नाही. १९७२ मध्ये जागा राष्ट्रीय झाली ती या न फेकण्यामुळे. आमच्या सासूबाईंना हे सांगितल्यापासून माळा आवरायचा विषय बंद झालाय.

आणखी एक जे फोटोत येत नाही. रँचमधून क्लार्क फोर्क नदी वाहते, तिच्या काठाने चालत गेलं की मध्येच जमिनीवर पांढुरके-हिरवट डाग दिसायचे, गवताची एक काडी नसायची त्यावर. वरच्या अंगाला बूटच्या तांब्याच्या खाणी आणि ॲनाकोंडाचा तांबं वितळवायचा कारखाना, त्यांचा गाळ १९०८ च्या महापुरात वाहून खाली आला आणि काठावर बसला. तांबं, आर्सेनिक. शंभर वर्षं होऊन गेली तरी तिथे काही उगवत नव्हतं, मग सरकारने माती खरवडून काढायला घेतली. कारखान्याच्या धुराने पण खोऱ्यातली गुरं-घोडी आजारी पडायची, शेतकरी कोर्टात गेले आणि हरले.

खडूस_काका
आणि ज्या डेव्हिसने १ लाख दिले त्याचाही पैसा बूटच्या खाणींचा. वा. उपकार पण तिकडून आणि विष पण तिकडून.

टिपकागद
काका, हे तुम्ही एकदम भारी बोललात.

सांगोलेकर
त्या हिवाळ्यात बाकीच्यांचं काय झालं पुढं? सगळेच कर्जात मेले का?

सॅनहोजेचा_बंड्या
एक थिओडोर रूझवेल्ट. शेजारच्या डाकोटात गुरं होती, निम्म्याहून जास्त मेली, नाद सोडला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

टिपकागद
आणि दुसरा ग्रॅनव्हिल स्ट्युअर्ट, हा जास्त जवळचा कारण तो कोर्सचा भागीदार. डीएचएस नावाचा मोठा कळप होता, डेव्हिस, हाउसर आणि स्ट्युअर्ट यांचा, त्यात १८८३ मध्ये कोर्सने मोठा हिस्सा विकत घेतला. सगळी उघड्या रानातली गुरं, त्यामुळे तिथे जबर मार बसला. स्ट्युअर्ट स्वतः रानात फिरला होता, ती दृश्यं त्याला सोसली नाहीत. ज्या जनावराला आपण खाऊ घालू शकत नाही आणि आडोसा देऊ शकत नाही ते पुन्हा कधी बाळगणार नाही अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. धंद्यातून उठला तो उठलाच. पुढे उरुग्वे-पॅराग्वेला अमेरिकेचा राजदूत म्हणून गेला आणि म्हातारपणी बूटच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल.

पाटावरवंटा
पुस्तकांना वैरण लागत नाही.

जनावरांचा_डॉक्टर
वाळवी तुमच्याकडे आलेली दिसत नाही अजून.

सांगोलेकर
म्या सारखा तोच इचार करतोय. स्ट्युअर्ट न् कोर्स एकाच कळपात भागीदार, मार दोघांना सारखाच. मग एक उठतो न् एक टिकतो कसा? टिपकागद म्हणत्यात दुकानदार म्हणून. काका म्हणत्यात वळख. मला वाटतं दोन्ही न्हाई. डियर लॉजला त्याची सोताची जमीन व्हती, तिथं गवत कापून गंज्या लावायचा का? लावत असंल तर तिथली जनावरं जगली असणार. ज्याच्या दारात वैरण त्याचं दावं रिकामं व्हत न्हाई.

बोझमनवाली
@सांगोलेकर बरोब्बर! घरच्या खोऱ्यात त्याचं वैरणीचं गवत होतं, पाट काढून पाणी आणलेलं. डियर लॉजच्या कळपाला त्या मानाने कमी झळ बसली. आणि तो पाट काढायला शिकला कुठे, तर सोन्याच्या खाणींवर! खाणवाल्यांना माती धुवायला पाणी लागतं, याने त्यांच्यासाठी पाण्याचे पाट काढायच्या धंद्यात पैसे घातले होते.

टिपकागद
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? एकाच टोपलीत सगळं ठेवलं नाही. मांस, मेणबत्त्या, पाणी, खाणी, आणि गुरं सुद्धा दोन तऱ्हेच्या जागी, रानात वेगळी आणि घरी वेगळी.

खडूस_काका
अर्धं. ते कर्ज राहिलंच की. मीच सांगतो आता, कारण तुम्ही विचारलं होतं की डेव्हिसला का वाटलं पैसे परत येतील. वीसेक वर्षं हा माणूस त्या भागात रोखीने आणि वायद्याने व्यवहार करत होता. सोन्याची भुकटी खिशात घेऊन दरोडेखोर मागे लागलेले असताना घोडं दामटत जनावरं विकत घ्यायला जाणारा माणूस आहे हे सगळ्या मोंटानाला माहीत होतं. १८८७ च्या वसंतात गुरं सगळ्यांचीच मेली होती, डेव्हिसने गुरांकडे बघून पैसे दिलेच नाहीत. आणि कोर्सने त्या पैशात केलं काय तर पुन्हा गुरं घेतली. सगळे विकत असताना, पडत्या भावात, जेव्हा रान रिकामं झाल्यामुळे गवत भरपूर होतं. काही वर्षांत कर्ज फेडलं. याला दुकानदारी म्हणायचं असेल तर म्हणा, मी मघाशी ओळख म्हणालो होतो, ओळख अशी कमवावी लागते एवढंच.

पाटावरवंटा
काका चक्क सहमत झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

खडूस_काका
सहमत नाही. अर्धं म्हणालो.

नदीकाठ
शेवट कसा झाला त्यांचा? म्हणजे उघड्या रानाचा.

टिपकागद
कुंपणाने. त्या हिवाळ्यानंतर शहाणे लोक गवत कापून साठवायला लागले, कळप लहान केले. मग रेल्वेने आणि सरकारने शेतकरी आणून बसवले. आधी एका कुटुंबाला १६० एकर मिळायची, १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू भागात ३२० झाली, लोंढेच्या लोंढे आले. प्रत्येकाने तार ओढली. फुकट गवत संपलं. कोर्स आणि बीलेनबर्ग दोघेही म्हातारे झालेले, वारस मुलगा गेलेला. १९१५ च्या सुमारास त्यांनी विकायला सुरुवात केली आणि १९२४ पर्यंत घराभोवतीची साधारण हजार एकर सोडून सगळं विकून झालं, तोवर दोघेही गेले होते. आणि विकायला काढलं ते अगदी वेळेवर, कारण १९१७ पासून मोंटानात दुष्काळ पडला आणि ते नवे शेतकरी हजारोंनी उठून गेले.

सांगोलेकर
विकायची येळ कळली म्हंजे दुकानदारच म्हणायचा. घ्या, माझं मत टिपकागदला.

उंबरा
आणि धाग्याचं नाव?

टिपकागद
ऑगस्टाबाईंवर वेगळा धागा तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा. तोपर्यंत @बोझमनवाली, त्या गुराख्यांच्या खोलीचा फोटो असेल तर टाका ना.

बोझमनवाली
आहे, पण प्रत्येक फोटोत पुढे कोंबडी आहे.